टाचेची परीक्षा

तुळसाला आपल्या पायांचा राग होता. सासूचा राग येणाऱ्या सुना कोलशेतात पुष्कळ होत्या, नवऱ्याचा राग येणाऱ्याही होत्या. पण सकाळी पाय धुताना स्वतःच्याच टाचेकडे बघून जिच्या कपाळाची शीर उठते, अशी ती एकटीच.

ती पायाळू होती. जन्मताना डोक्याऐवजी तिचे पाय आधी बाहेर आले होते. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीवर पाय ठेवला की उसण पळते, हे आपल्याकडे कोण मानत नाही? तुळसाचं माहेर कोपरचं. तिथल्या बाया तिच्याबद्दल एका दमात दोन गोष्टी बोलत. ‘आईला खाऊन आली,’ आणि ‘पण पाय गुणाचे हो पोरीचे.’ आई गेली ती या पायांपायीच. मूल उलटं अडकलं, सुईणीनं पाय धरून ओढलं, पोर वाचली आणि आईनं संध्याकाळ पाहिली नाही. ज्या पायांनी आई नेली त्याच पायांना लोक हात जोडतात, हे कळायला लागल्यापासून तुळसाचा राग धुमसत होता.

सखुबाई धाकट्या मुलासाठी सून बघायला कोपरला गेली, तेव्हा तिनं पोरीचं नाक पाहिलं नाही की रंग पाहिला नाही. “पायाळू हाय ना नक्की?” एवढंच विचारलं आणि तिथल्या तिथं सुपारी फोडली.

लग्न झालं आणि दर रविवारी, मंगळवारी उजाडायच्या आत सखुबाईच्या ओट्यावर माणसं येऊन बसू लागली. मिठागरावर राबणाऱ्या गावात दुखऱ्या पाठींना काय तोटा? वाकून फावडं ओढायचं, ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावरून वाहायच्या. लचक, चमक, उसण हे पावलोपावली. दुखणेकरी उंबऱ्याच्या आत पालथा पडे. तुळसा भिंतीला हात टेकून एका पायावर उभी राही, डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेच्या मणक्यावर ठेवी आणि दाब देई. कधी कट्‌कन आवाज होई, कधी होत नसे. मग तो उठे, तिला हात जोडी आणि मागं न बघता चालता होई. कुणाकडून काही घ्यायचं नाही आणि कुणाला परत पाठवायचं नाही, या दोन गोष्टींमुळं सखुबाईला गावात मान होता. लोक तिच्या घराला ‘पायाळूचं घर’ म्हणत आणि ते ऐकलं की सखुबाईची मान आणखी ताठ होई.

एरवी बाईचा पाय पुरुषाच्या पाठीला लागला तर ती लाथ. तिच्यासाठी पंच बसतील, माहेरची माणसं बोलावली जातील. तुळसाचा पाय तेवढा लाथ नव्हे, तो प्रसाद. त्यातही एक अपवाद होता. धाकू, तिचा नवरा. त्याची पाठ बारा महिने दुखे, पण बायकोचा पाय नवऱ्याला लागणं हे पाप पायाळूलाही माफ नव्हतं. धाकू बिचारा ओट्यावर बसून लोकांच्या पाठी मोकळ्या होताना बघे आणि कमरेला हात लावून मिठागराची वाट धरी.

गेल्या वर्षी तुळसाला पाचवा महिना होता. एका धिप्पाड माणसानं कळ आली म्हणून अंग झाडलं, तिचा तोल गेला आणि ती कोपऱ्यातल्या जात्यावर पोटावर पडली. मूल गेलं. सखुबाई दोन दिवस रडली, अगदी मनापासून रडली. पण पुढच्या मंगळवारी ओट्यावर माणसं बसलेली होती, आणि सखुबाईनंच तुळसाला हाक मारून उठवलं.

आता पुन्हा चौथा महिना लागला होता. एकोणीसशे चोपन्नचा मार्गशीर्ष. थोरली जाऊ गोदा तुळसाला घेऊन ठाण्याला डॉक्टर मंदाकिनी टेंबे यांच्या दवाखान्यात गेली. टेंबेबाई चाळिशीच्या, बिनमुलाबाळाच्या, बोलायला फटकळ आणि वाचनाच्या वेड्या. तपासताना त्यांनी सहज विचारलं, “जड उचलतेस का काही?” आणि तुळसानं रागारागानं सगळं सांगून टाकलं.

“या दिवसांत एका पायावर उभी राहतेस?” टेंबेबाई ओरडल्याच. “आजपासून बंद.”

“तुमी बंद बोलाल बाय. माझी सासू बोलल काय?”

“मी सांगते सासूबाईंना.”

गोदा हसली. “डाक्तरीनबाय, आमची सासू सांगून ऐकनारी असती तर आमी इथवर कशाला आलो असतो? तिला बोला, तुळसाच्या पायात गुन नाय. तेवढं एक ती ऐकंल. पन तसं तिला दाखवावं लागंल.”

टेंबेबाईंनी चष्मा काढला. परदेशातल्या वैद्यकीच्या मासिकांतून त्या वर्षानुवर्षं एक भांडण वाचत आल्या होत्या. तिकडेही काही लोक मणक्यावर झटका देऊन, कटकट आवाज काढून दुखणं बरं करतात म्हणे; आणि डॉक्टर मंडळी त्यांना भोंदू म्हणतात. तेच भांडण आज लुगडं नेसून समोर बसलं होतं.

“उसण भरलेल्या माणसावर परीक्षा करून उपयोग नाही,” त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलल्या. “उसण तशीही चार दिवसांत जाते. मग ती पायानं गेली की आपोआप, कसं कळणार? धडधाकट माणसं पाहिजेत. त्यांना मी बेताचं दुखवणार, मापून. मग पाय ठेवायचा. पुन्हा तसंच दुखवणार. पायात गुण असेल तर त्यांना दुखणं उशिरा जाणवेल. नसेल तर काही फरक पडणार नाही.”

“नाय पडनार,” तुळसा म्हणाली. “आन् मंग तुमी गावासमोर सांगाल?”

“सांगेन. तेवढा एक दिवस कुणाला तरी घट्ट धरून उभी राहा. पण आणखी एक पाय लागेल. पायाळू नसलेला. अर्ध्या लोकांना तुझा, अर्ध्यांना तो, आणि कुणाला कुणाचा ते त्यांना कळता कामा नये.”

दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं.

“धडधाकट मानसं म्हंजे मिठागरावर आमाला राबवनारा परशुराम मुकादम पन काय?” गोदानं विचारलं.

“तब्येत चांगली असेल तर तेही.”

“मंग मी येतंय,” गोदा म्हणाली. “त्याच्या पाठीत पाय घालायचा तर मी माहेरून चालत येईन.” आणि तोंडाला पदर लावून ती इतकी हसली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. मग एकदम तिचा चेहरा उतरला. “पन बाय, माझं नाव फोडू नका. तुळसाचा पाय तो पाय. माझी लाथ होईल. कललं तर मना उभी सोलतील.”

“माझ्या तोंडून नाव निघणार नाही,” टेंबेबाई म्हणाल्या.

सखुबाईला पटवायला फारसं काही लागलं नाही. ठाण्याची डाक्तरीण आपल्या सुनेचा गुण बघायला कोलशेतला येते, हेच तिला आभाळाएवढं वाटलं. परशुराम मुकादमानं आपल्या हाताखालचे गडी आणायचं कबूल केलं. मिठागरं अजून पुरती चालू झाली नव्हती, बांधबंदिस्तीचं काम होतं, तेही रविवारी थांबवता येत होतं. “काय लागंल ती मानसं घ्या बाय,” तो म्हणाला. “आमच्या गावची पायाळू हाय. मुंबैपरत नाव होऊ दे.”

ठरलेल्या रविवारी सखुबाईनं ओटा शेणानं सारवला होता आणि स्वतः इरकली नेसून बसली होती. टेंबेबाईंनी पडवीत टेबल मांडलं. त्यावर स्प्रिंगचा काटा, आणि काट्याला टोकाशी रबर लावलेली बोथट पितळी दांडी. माणसानं हात टेबलावर ठेवायचा, त्याच्या अंगठ्याच्या नखावर बाई ती दांडी दाबत जायच्या. दुखायला लागलं की त्यानं ‘दुखलं’ म्हणायचं, आणि बाई काट्यावरचा आकडा बघायच्या. मग माणूस आत माजघरात जायचा. तिथं लुगड्याचा पडदा बांधलेला, खाली घोंगडी. माणसानं तोंडावर टॉवेल घेऊन पालथं पडायचं. पडद्याआड तुळसा, आणि गरोदर बाईला धरायला म्हणून गोदा. बाईंचा कंपाउंडर महिपत तंबाखूच्या डब्यातून चिठ्ठी काढायचा आणि तिच्यात जे निघेल त्याप्रमाणे दोघींपैकी एकीकडे बोट दाखवायचा. पाय पडला की माणसानं बाहेर येऊन पुन्हा अंगठा दाबून घ्यायचा. कुणाला कुणाचा पाय पडला ते पडवीतल्या टेंबेबाईंनासुद्धा माहीत नसायचं. मापताना आपलं मन आकड्याला ओढू नये, म्हणून त्यांनीच तसं ठरवलं होतं.

पुरुषांनी या कामाची जत्रा केली.

“दुखायला लागलं की लगेच सांगा,” टेंबेबाई बजावत होत्या. “सोसायचं नाही. ही कुस्ती नाही.”

“लई दुखलं तर ब्रांडीचं परमिट लिवून देता काय बाय?” भिवा म्हातारा म्हणाला आणि ओटाभर हशा पिकला. ते दारूबंदीचे दिवस होते.

“भिवाकाका, तुमी उठा. धडधाकट मानसाचं काम हाय,” एक गडी म्हणाला.

“मी काय मेलेला दिसतंय तुना?”

परशुराम मुकादम टेबलाशी आला तेव्हा सगळे गप्प झाले. त्यानं अंगठा पुढं केला, मिशी चावली आणि बाईंकडे न बघता छपराकडे बघत राहिला. काटा खाली खाली गेला. बाईंनीच शेवटी विचारलं, “अहो, दुखतंय की नाही?” “आता मगाशी जरा दुखलं,” मुकादम म्हणाला.

आत पडद्याआड तुळसाला हे सगळं ऐकू येत होतं. महिपतचं बोट तिच्याकडे वळलं की ती गोदाच्या खांद्याला धरून पाय उचलायची आणि टाच ठेवायची. मुद्दाम कमी नाही, जास्त नाही, रोजच्याइतकाच दाब. तिला खरा निकाल हवा होता, कारण खरा निकाल काय येणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. दर पाठीला ती मनात म्हणत होती, दुखू दे, दुखू दे, आधीएवढंच दुखू दे. मुकादम आत आला, टॉवेल घेऊन पालथा पडला, आणि महिपतचं बोट गोदाकडे गेलं. गोदानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि टाच ठेवली ती चांगली रुतवून ठेवली. मुकादमाच्या मणक्यानं बंदुकीसारखा आवाज दिला. तुळसानं जावेच्या तोंडावर हात दाबला, नाहीतर सगळा खेळ तिथंच संपता.

ऊन कलायला लागलं तेव्हा काम आटोपलं. टेंबेबाई महिपतला घेऊन कितीतरी वेळ आकडे जुळवत बसल्या. ओट्यावर विड्या ओढल्या जात होत्या. तुळसा पडद्याबाहेर येऊन खांबाला टेकून उभी राहिली. बाईंच्या चेहऱ्यावर नवल होतं, आणि ते नवल तिला मुळीच आवडलं नाही.

“सांगा ना बाय!” मुकादम म्हणाला. “गुन हाय का नाय?”

टेंबेबाई उठल्या. “पाय पडल्यानंतर,” त्या सावकाश म्हणाल्या, “जवळजवळ सगळ्यांनाच दुखणं उशिरा जाणवलं. आधी जिथं ‘दुखलं’ म्हणाला होतात, त्याच्या बऱ्याच पुढं गेल्यावर तुम्ही दुसऱ्या खेपेला ते म्हणालात.”

सखुबाईनं हात जोडून कपाळाला लावले. ओट्यावर एकच गलका झाला.

“थांबा, माझं संपलं नाही,” बाई म्हणाल्या. “हे मणक्यावरच्या दाबामुळं झालं, की पायाळूचा पाय पडला या तुमच्या विश्वासामुळं, की मघापेक्षा जास्त सोसून दाखवायच्या ईर्षेमुळं, ते मला आज सांगता येत नाही. आणि मुख्य म्हणजे...” त्यांची नजर पडद्याशी उभ्या असलेल्या गोदावर गेली आणि त्या अडखळल्या. “मुख्य म्हणजे, अजून बरंच तपासायला हवं.”

पण ऐकत कोण होतं? मुकादम ओट्यावर उभाच राहिला होता. “आरं, मना तवाच कललं! पाय पडला आन् आंग कसं पिसावानी झालं. अंगठा दाबतायत का गोंजारतायत ते कलंना!” त्यानं हात वर केला. “आयका रं सगली. उद्यापासनं मिठागरावर जायच्या आधी एकेकानं इथं पाय घेऊन जायाचं. रोज. धडधाकट असूद्या नायतर नसूद्या. मंग बगतो कोन पाठ दुखतंय म्हनून बांधावर बसतंय ते! चालंल ना सखुआये?”

“न चालाला काय झालं?” सखुबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. “गावाचंच घर हाय. माझी सून कोनाला नाय बोलायची नाय.”

तुळसा टेंबेबाईंकडे बघत राहिली. आता बोलतील, मग बोलतील. बाई चष्म्याची काडी चघळत उभ्या होत्या. त्यांनी गोदाला शब्द दिला होता. आणि खरं तर, निकालानं त्या स्वतःच इतक्या गोंधळल्या होत्या, सुखावल्याही होत्या, की समोरच्या बाईचं काय होतंय हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागत होता. धाकू ओट्याच्या कडेला खाली मान घालून बसला होता. उद्यापासून रोज. अख्ख्या मिठागराच्या पाठी. आणि बायका पोटाला बघून बोलणार, काळजी घे हो.

“बाय, गप का झालात?” तुळसा बोलली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “सांगा की त्यांना! दोन पाय होते म्हनून सांगा!”

“तुळसा—” टेंबेबाई म्हणाल्या.

“नाय सांगत? मी सांगतंय. आरं ए बाबांनो, तुमच्यातल्या अर्ध्यांच्या पाठीवर माझा पाय पडलाच नाय. गोदाबायचा पडला. ती डोक्याकडनं जन्मलेली, तुमच्याआमच्यासारखी. आन् मुकादम, तुमचं आंग पिसावानी झालं ना? त्यो पाय पन तिचाच!”

सगळ्यांनी गोदाकडे पाहिलं. मग मागून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि त्या हसण्यानं सगळा घात केला. मुकादमाचं तोंड काळंनिळं झालं.

“मना लाथ मारली?” तो म्हणाला. “ह्या बाईनं? मना?”

ओट्यावर जो हलकल्लोळ माजला त्यात कोण काय बोलत होतं कळत नव्हतं. माझ्या पाठीवर कुणाचा? माझ्या कुणाचा? महिपतच्या अंगावर दोघंतिघं धावून गेले तेव्हा त्या बिचाऱ्यानं चिठ्ठ्यांचा डबा छातीशी धरला. आपल्या पाठीवर गोदाचा पाय पडला असावा असं ज्यांना वाटलं ते आता एकेक करून शपथेवर सांगू लागले की आपल्याला मुळीच बरं वाटलं नव्हतं, उलट कळ वाढली होती, अजून ठणकते आहे. गोदाचा नवरा दौलत गर्दीतून वाट काढत बायकोकडे निघाला होता, त्याची मूठ वळलेली होती. सखुबाई मटकन खाली बसली.

गोदा पडद्याला धरून उभी होती. ती तुळसाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. “बोललीसच ना,” ती हलकेच म्हणाली. “आता अर्ध्यावर सोडू नको.”

रागाच्या भरात आपण कुणाला पुढं ढकललं ते तिला त्या घडीला कळलं. आणि कळलं तसा तिचा राग उतरला नाही, तो दुप्पट झाला. फक्त आता तो कुठं घालायचा हे तिला नीट दिसू लागलं. ती जाऊन गोदाच्या पुढ्यात उभी राहिली.

“दौलतभावजी, तिथंच थांबा,” ती म्हणाली. “मुकादम, तुमचं काय म्हन्नं हाय?”

“हिनं माझ्या पायावर डोकं ठेवायचं! सगल्या गावासमोर! आन् मंग पंच काय ते ठरवतील.”

“ठेवील. पन आधी एक सांगा. डाक्तरीनबाय, खरं बोला आता. नाव फुटलंच हाय. माझा पाय पडला त्यांचं काय झालं, आन् हिचा पडला त्यांचं काय झालं?”

टेंबेबाईंनी आकड्यांचा कागद उचलला. “सारखंच झालं. अगदी सारखं. तुझ्या पायानं जेवढा फरक पडला तेवढाच गोदाच्या पायानं पडला.”

“आयकलंत? हिचा पाय न् माझा पाय सारखा.” तुळसा ओट्याच्या मधोमध आली. तिचा पदर खांद्यावरून घसरला होता, तो सावरायचंही तिला सुचलं नाही. “आता तुमी ठरवा. हिची लाथ आसंल, तर माझी पन लाथच. लगीन करून आले तवापासनं मी ह्या घरात तुमाला लाथा घालतंय, तुमच्या बापाला घातल्यायत, तुमी लाथा खाऊन मना हात जोडलेत. मंग पंचांना बसवा, पन दोघींसाठी बसवा. माझ्यासाठी आधी. माझ्या लाथा जास्त हायत.”

सगळ्या माना मुकादमाकडे वळल्या.

“तुझं येगलं,” मुकादम चाचरत म्हणाला. “तुझा पाय देवाचा.”

“मंग हिचा पन देवाचा. तुमचं आंग पिसावानी झालं, तुमीच बोललात. मंग तिनं डोकं कशाला ठेवायचं? तुमीच हात जोडा तिला.”

मागं पुन्हा कुणीतरी हसलं, पण या खेपेला मुकादम वळून बघायलाही धजला नाही. इकडून गेलं तर वर्षानुवर्षं लाथा खाल्ल्या असं कबूल करायचं, तिकडून गेलं तर गोदाला हात जोडायचे. त्यानं दोन्हीकडे पाहिलं आणि त्यातल्या त्यात ज्यात आपली अब्रू राहते ती वाट धरली. “आसंल,” तो पुटपुटला. “हिच्या पायात पन आसंल गुन. एका घरात दोगी आसतील. मंग लाथ कसली?”

“आसंल, आसंल,” चारपाच जण घाईनं म्हणाले. दौलतची मूठ सुटली.

सखुबाईनं डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड येत होता. “दोगी,” ती म्हणाली. “म्हंजे एकीला बरं नसलं तर दुसरी—”

“नाय आये,” तुळसा गरजली. सासूशी ती या आवाजात जन्मात बोलली नव्हती. “दोगी नाय. गोदाबाय डोक्याकडनं जन्मली. तिच्या पायात गुन आसंल तर डोक्याकडनं जन्मलेल्या सगल्यांच्या पायात हाय. मुकादमनीच्या पायात हाय. ह्या सगल्यांच्या बायकांच्या पायात हाय. मंग रोज कोलशेतच्या ह्या टोकाला कशाला यायचं? जा घरी. आपआपल्या बायकोपुढं पालथं पडा, आन् तिला बोला, ठेव पाय.”

ओट्यावरचे पुरुष एकमेकांकडे बघू लागले. बायकोचा पाय! विडी पेटवलेला एक जण ती तशीच बोटात धरून राहिला. टेंबेबाई काहीतरी बोलणार होत्या. पण त्या काटा, दांडी पिशवीत भरायला लागल्या.

“माझा एक जीव त्या जात्यावर पडून गेला,” तुळसा म्हणाली. “तवा कोन आलं इचाराला? दुसऱ्या हप्त्यात पाठी घेऊन आलात. तुमचं दुखतंय, मंग मना हाक. माझं दुखत होतं तवा तुमी हात जोडत होतात. आजपासनं माझा पाय भुईवर. कोनाला मारायचं आसंल तर आता मारा.”

कुणी मारलं नाही. एकेक जण विडी टाकून, धोतर झटकून उठला. मुकादम सगळ्यांत आधी गेला, पाठीला हात न लावता, फार ताठ चालत.

टेंबेबाई जाताना तुळसाजवळ थांबल्या. “मी आधीच बोलायला हवं होतं,” त्या म्हणाल्या.

“व्हय,” तुळसा म्हणाली. “बोलायला हवं होतं.” आणि तिनं तोंड फिरवलं. बाईंना ते लागलं असावं. पण त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही, हेही खरं.

सोमवारी मिठागरावर जाणारे गडी सखुबाईच्या दारावरून न जाता मागच्या पाणंदीनं गेले. मंगळवार उजाडला. ओटा रिकामा होता. सखुबाई दाराशी बसून रस्त्याकडे बघत होती. दोन दिवसांत ती म्हातारी दिसायला लागली होती. तुळसा चुलीपुढं होती, गोदा बाहेर भांडी घासत होती. दोघींचं अजून पुरतं जुळलं नव्हतं. गोदानं रविवारी नवऱ्याची मूठ पाहिली होती, ती विसरायला तिला दिवस लागणार होते.

तेवढ्यात काठी आपटत भिवा म्हातारा आला. पण रविवारी थट्टा करणारा भिवा हा नव्हे. कमरेत पार वाकलेला, चेहरा घामानं भिजलेला. एकेक पाऊल टाकताना तोंडातून आवाज निघत होता. पहाटे बांधावर पाणी अडवायला गेला आणि तिथंच उसण भरली. कसातरी आत येऊन तो उंबऱ्यापाशी पालथा पडला.

सखुबाई उठली. तिनं सुनेकडे पाहिलं. हाक मारायची तिची हिंमत झाली नाही, नुसतं पाहिलं.

तुळसा आली. म्हाताऱ्यावर तिचा राग नव्हता. तिनं घोंगडी आणून त्याच्या छातीखाली सरकवली, उशाला फडकं दिलं, तोंडाला पाणी लावलं. मग ती उभी राहिली, दोन्ही पायांवर, आणि तिनं सासूचा दंड धरून तिला म्हाताऱ्याच्या पाठीशी आणून उभं केलं.

“तुमी ठेवा,” ती म्हणाली.

“मी?” सखुबाई दचकली. “आगं, मी कशी? येवढ्या वयाच्या मानसाला मी पाय लावू?”

“मी इतकी वरसं लावला.”

“तुझं येगलं होतं!”

“मंग तसंच निजू दे त्याला,” तुळसा म्हणाली, आणि चुलीकडे वळली.

सखुबाई तिथंच उभी राहिली. तिनं पदर कपाळावर ओढला, मागं सारला, पुन्हा ओढला. गोदा हातातलं भांडं तसंच धरून दारात आली होती. म्हाताऱ्यानं घोंगडीत खुपसलेलं तोंड जरासं वळवलं.

“आरं, कोनाचा पन ठेवा गं बायांनो,” तो कण्हत म्हणाला, “पन ठेवा लवकर.”

सखुबाईनं भिंतीला हात टेकला. आणि एक पाय उचलला.

तुळसानं मागं वळून पाहिलं नाही. चुलीवरची भाकरी करपायला आली होती, ती तिनं उलटली.